ई-सायकल कशाच्या जागी आली? कोथरूडच्या एका सोसायटीतील प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

सोसायटीतील तीन घरांनी मिळून घेतलेली ई-सायकल दिवाळी उरकताच पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली आहे. ती कोणी, कुठे जाण्यासाठी आणि मुख्य म्हणजे कशाच्या ऐवजी वापरली, याची पावसाळ्यापर्यंत नोंद ठेवायची, आणि त्यातून तिघांच्या दमसासावर व घरातल्या साध्या सायकलींच्या वापरावर काय परिणाम होतो ते पाहायचे, असा हा प्रकल्प आहे. तिघांची सुरुवातीची परिस्थिती एकमेकांपासून बरीच वेगळी असल्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येणार नाही. पण तीच या प्रकल्पाची सोय आहे. मी ४६ वर्षांचा असून गेली काही वर्षे गिअरच्या साध्या सायकलने कोथरूडहून बाणेरला कामावर जातो. समोरच्या वहिनी शिवाजीनगरला स्कूटरने जातात आणि त्यांना व्यायामासाठी वेगळा वेळ काढता येत नाही. तळमजल्यावरचे काका ६७ वर्षांचे असून, बँकेत नोकरीला असताना ते रोज सायकलने जात. गुडघे दुखू लागल्यावर त्यांनी सायकल सोडली ती सोडलीच.

किल्लीच्या खिळ्याशेजारी एक वही टांगली आहे. तिच्यात तारीख, अंतर आणि मोटारीचे कोणत्या पातळीचे साहाय्य वापरले हे रकाने आहेतच. शेवटचा रकाना मात्र मी आग्रहाने घातला आहे: ‘ही सायकल नसती तर कशाने गेला असता?’ काकांनी त्यावर लगेच विचारले, ‘आणि गेलोच नसतो तर काय लिहू?’ तेही उत्तर लिहायचे असे ठरले आहे.

१७ नोव्हेंबर २०२४

यंत्राची नोंद. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, २५० वॅटची मोटार आहे, ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि सायकलीचे वजन २२ किलो भरते. माझी साधी सायकल १४ किलोची आहे. बॅटरीत ३६० वॅट-तास मावतात, म्हणजे ती पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आत-बाहेर वीज लागते. भारतात मोटारीची शक्ती २५० वॅटच्या, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आणि वाहनाचे वजन बॅटरी सोडून ६० किलोच्या मर्यादेत असेल तर त्याला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. काही दुकानांतून वेगाची मर्यादा ‘उघडून’ दिली जाते; तसे केले की ते वाहन कायद्याने मोटार वाहनाच्या वर्गात जाते आणि आमच्या प्रकल्पाच्या दृष्टीनेही निरुपयोगी ठरते.

प्रकल्पाला सर्वांत महत्त्वाचा भाग क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्याच्या, मागे दडलेला आहे. तिथे बोटाच्या पेराएवढे चुंबक बसवलेली प्लास्टिकची एक चकती असून तिच्यासमोर एक संवेदक आहे. पॅडल फिरले की चुंबक संवेदकासमोरून सरकतात आणि कंट्रोलर मोटार सुरू करतो. आपण पॅडलवर किती जोर लावतो आहोत हे या चकतीला कळत नाही. पॅडल फिरते आहे की नाही, एवढेच तिला कळते. त्यामुळे हलका गिअर टाकून पाय नुसते हवेत फिरवल्यासारखे फिरवले तरी सायकल पळते. महागड्या सायकलींत जोर मोजणारा संवेदक असतो आणि तिथे आपण जितके रेटू त्या प्रमाणात मोटार मदत करते. युरोपातील ज्या अभ्यासांच्या आधारे ‘ई-सायकलनेही व्यायाम होतो’ असे सांगितले जाते, त्यांतील सायकली पॅडल मारल्याशिवाय न चालणाऱ्या आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींना मात्र उजव्या मुठीशी थ्रॉटलही असतो, म्हणजे पाय न हलवता जाण्याची सोय.

म्हणून आज पहिला निर्णय घेतला. हँडलखालचा थ्रॉटलचा कनेक्टर ओढून काढला आणि त्याच्या तोंडाला टेप लावली. वहिनींनी कुरकुर केली, पण प्रकल्प संपेपर्यंत त्यांची हरकत नाही.

१ डिसेंबर २०२४

कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडे जाणारा चढ हा माझ्या रोजच्या रस्त्यातला कसोटीचा भाग आहे. साध्या सायकलने हा चढ चढताना माझ्या मनगटावरील घड्याळात नाडीचे ठोके मिनिटाला १५५ च्या आसपास जातात, आणि ई-सायकलने दुसऱ्या पातळीवर तोच चढ १२५ च्या आसपास पार होतो. वयाच्या ढोबळ सूत्राने माझे कमाल ठोके १७४ धरले, तर कमालीच्या ६४ ते ७६ टक्के हा ‘मध्यम’ श्रमाचा पट्टा १११ ते १३२ असा येतो. म्हणजे चढावर ई-सायकल मला मध्यम श्रमात ठेवते, तर साधी सायकल थेट तीव्र श्रमात ढकलते. बावधनच्या पुढे पाषाणकडच्या सपाटीवर ई-सायकलवर ठोके शंभराच्या जरासे वर राहतात, आणि तिथे व्यायाम जवळजवळ चालण्याइतकाच होतो.

हे असे का होते ते हिशेब करून पाहिले. स्वारासह ८४ किलो वजन चार टक्क्यांच्या चढावर ताशी १२ किलोमीटरने न्यायला गुरुत्वाविरुद्ध सुमारे ११० वॅट लागतात. त्यात चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळवला की १४५ वॅटच्या जवळपास आकडा येतो, आणि हे सगळे माझ्या पायांतून यावे लागते. ई-सायकलचे जास्तीचे आठ किलो धरून त्याच वेगाला सुमारे १५७ वॅट लागतील. त्यातले शंभर मोटारीने दिले तर माझ्या वाट्याला साठाच्या आत उरतात, आणि एवढे काम म्हणजे खरोखर आरामच. पण मी त्या वेगाने जातच नाही. मोटार आहे म्हटल्यावर पाय आपोआप ताशी २० चा वेग धरतात, त्या वेगाला एकूण तीनशे वॅटच्या आसपास लागतात आणि मोटारीने दोनशे दिले तरी शंभर मलाच द्यावे लागतात. मोटारीने दिलेल्या मदतीचा एक भाग श्रम कमी करण्यात जातो आणि दुसरा वेग वाढवण्यात. कोणता भाग मोठा असेल, हे स्वाराच्या स्वभावावर अवलंबून आहे. घाईच्या माणसाला ई-सायकल जास्त व्यायाम देते, हे थोडे गमतीचे आहे.

मात्र श्रमाचा हिशेब मिनिटांवर होतो, आणि वेग वाढला की मिनिटे घटतात. रोजचा तोच रस्ता मी लवकर संपवतो, त्यामुळे तीव्रता आणि वेळ दोन्ही बाजूंनी माझी कपात होते आहे.

२२ डिसेंबर २०२४

थंडी चांगली पडली आहे आणि वहिनींचा वापर वाढला आहे. कर्वे रस्त्याने शिवाजीनगरपर्यंतचा त्यांचा रस्ता बहुतांशी सपाट असल्यामुळे त्या पहिल्या पातळीवरच असतात. शेवटच्या रकान्यात त्यांच्या जवळपास प्रत्येक ओळीत ‘स्कूटर’ आहे.

१२ जानेवारी २०२५

तीन जणांच्या नोंदीवरून मोठी विधाने करता येत नाहीत, म्हणून झालेले अभ्यास वाचून काढले. स्वित्झर्लंडमधील बाझेल इथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या ३२ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटून, एका गटाला ई-सायकल आणि दुसऱ्याला साधी सायकल दिली आणि चार आठवडे कामावर जायला लावले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत वाढली आणि ई-सायकलचा गट मागे पडला नाही. संशोधकांनी दिलेले कारण माझ्या चांदणी चौकाच्या हिशेबाशी जुळते: ई-सायकलवाले जास्त वेगाने गेले आणि त्यांनी चढही जास्त चढले. अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डर इथे २०१६ च्या अभ्यासात, एरवी फारशी हालचाल नसलेल्या वीस जणांनी आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे ई-सायकल चालवली. महिन्याभरात त्यांची हृदय-फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी मोजलेली रक्तातली साखरही खाली आली. २०१८ मध्येच झालेल्या एका व्यापक आढाव्यात सतरा अभ्यास एकत्र पाहिले गेले, आणि ई-सायकल चालवणे बहुतेकांसाठी किमान मध्यम तीव्रतेचा व्यायाम ठरते, असा त्याचा कल होता.

या सगळ्यांत एक गोष्ट नजरेआड होऊ नये. बाझेल आणि बोल्डरचे लोक आधी व्यायामाचा सराव असलेले नव्हते. बसून राहण्याच्या जागी मध्यम श्रम आले, तर सुधारणा होणारच. जो आधीच तीव्र श्रम करतो आहे, त्याच्याबद्दल हे अभ्यास काही सांगत नाहीत. सरावलेल्या माउंटन बाइकस्वारांवर अमेरिकेत यूटामध्ये झालेल्या २०१९ च्या अभ्यासात ई-सायकलवर नाडीचे सरासरी ठोके साध्या सायकलच्या सुमारे ९४ टक्के इतके भरले, आणि हा आकडा ई-सायकल विकणारे फार आवडीने सांगतात. पण ती डोंगरातली पायवाट होती आणि स्वार मुरलेले होते. कर्वे रस्त्याच्या सिग्नलांमध्ये ते प्रमाण शोधू नये.

२ फेब्रुवारी २०२५

काकांची प्रगती या प्रकल्पातली सर्वांत बोलकी आहे. पहिले काही आठवडे ते सोसायटीच्या आवारातच फिरत होते. मग एरंडवण्यातल्या मित्राकडे, मग डेक्कनपर्यंत, आणि आता आठवड्यातून दोन-तीनदा पाषाण तलावापर्यंत जातात. त्यांच्या ओळींमध्ये सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर ‘गेलोच नसतो’ हे आहे. गुडघ्यांना त्रास होतो तो नेमका सायकल जागेवरून सुटताना आणि चढावर, म्हणजे जिथे पॅडलवर सगळा भार येतो तिथे. मोटार तेवढाच भार उचलते आणि बाकीचे फिरणे त्यांचे ते करतात. डॉक्टरांना विचारूनच त्यांनी सुरुवात केली होती.

त्यांच्यासाठी नाडीचे गणित मी बाजूला ठेवले आहे. रक्तदाबासाठी ते जी गोळी घेतात तिच्यामुळे नाडीचा वेग मुळातच दाबला जातो, त्यामुळे वयाचे सूत्र त्यांना लागू पडत नाही. त्याऐवजी बोलण्याची कसोटी वापरतो: चालवताना सलग बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. काका पाषाणच्या चढावर अभंगाची एक ओळ म्हणून पाहतात आणि ती अर्ध्यात तुटली की ‘चाललंय ठीक’ असे जाहीर करतात.

त्यांच्याच ओळींत एक नावडता प्रकारही सापडला. दूध आणि भाजी आणायला ते पूर्वी पायी जात. जानेवारीपासून त्या फेऱ्याही ई-सायकलने होऊ लागल्या आणि शेवटच्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘चालत’ असे येऊ लागले. हाडे आणि तोल यांच्यासाठी चालण्याचा जो उपयोग आहे तो सायकलीतून मिळत नाही, कारण सायकलवर शरीराचे वजन पायांवर पडतच नाही. काकांशी बोललो. डेअरी आणि भाजीच्या फेऱ्या पुन्हा पायी होणार आहेत. पिशवी जड असेल तेव्हा काकूंना सोबत न्यायचे, असे काकांनी परस्पर ठरवले आणि काकूंनी ते परस्पर नामंजूर केले.

२३ फेब्रुवारी २०२५

आज वहीतल्या शेवटच्या रकान्याची उत्तरे एकत्र करून पाहिली आणि बाहेरच्या अभ्यासांशी ताडून पाहिली. हा रकाना नसता तर ‘ई-सायकल चांगली की वाईट’ या वादात आम्ही अडकलो असतो.

युरोपातील अँटवर्प, बार्सिलोना, लंडन, एरेब्रू, रोम, व्हिएन्ना आणि झुरिच या सात शहरांत दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यात श्रम मोजण्यासाठी, स्वस्थ बसलेल्या शरीराच्या किती पट ऊर्जा खर्च होते तो आकडा आणि आठवड्याची मिनिटे यांचा गुणाकार वापरला आहे. ई-सायकल वापरणाऱ्यांचा आकडा सुमारे ४,४६० आणि साधी सायकल वापरणाऱ्यांचा सुमारे ४,०८५, म्हणजे दोघे जवळपास सारखेच. प्रत्येक किलोमीटरमागे कमी श्रम पडूनही ई-सायकलवाले मागे राहत नाहीत, याचे कारण त्यांच्या फेरीच्या लांबीत आहे: ई-सायकलची सरासरी फेरी ९.४ किलोमीटरची आणि साध्या सायकलची ४.८ किलोमीटरची. पण त्याच पाहणीत आणखी आत शिरले की चित्र दुभंगते. मोटारगाडी सोडून ई-सायकलवर आलेल्यांना आठवड्याला सुमारे ५५० एककांचा फायदा झाला, सार्वजनिक वाहतूक सोडून आलेल्यांना सुमारे ८०० चा झाला, आणि साधी सायकल सोडून आलेल्यांचे सुमारे २०० एककांचे नुकसान झाले.

आमच्या तीन घरांत यांतले दोन प्रकार राहतात आणि एक या तक्त्याबाहेरचा. वहिनी पहिल्या प्रकारच्या, फक्त गाडीच्या जागी स्कूटर. काकांसारख्यांचा प्रकार त्या तक्त्यात स्वतंत्रपणे दिसत नाही, पण नॉर्वेमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची छाया आहे: ई-सायकल घेतलेल्यांचे रोजचे सायकलचे सरासरी अंतर २.१ किलोमीटरवरून ९.२ किलोमीटरवर गेले. आणि मी तिसऱ्या प्रकारचा, नुकसानीच्या रांगेतला.

देशागणिक हे कसे बदलते ते नेदरलँड्सवरून कळते. तिथे साधी सायकल घरोघरी आहेच, त्यामुळे २०१७ च्या एका अभ्यासात असे दिसले की ई-सायकल घरात आली की सर्वांत मोठी घट साध्या सायकलच्या वापरात होते. मोटारगाडी आणि सार्वजनिक वाहतूक यांच्या वापरातली घट त्यामानाने थोडी असते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात आज ती परिस्थिती नाही. इथे रस्त्यावर जे वाहन सर्वांत जास्त आहे ते दुचाकी, आणि ई-सायकल बहुतेक वेळा तिच्याच जागी येणार. म्हणून नेदरलँड्समधली काळजी उचलून पुण्यात आणण्यात अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे. ती काळजी माझ्यासारख्या मोजक्या लोकांनी स्वतःपुरती करावी.

३० मार्च २०२५

पाडव्याची गुढी उभारायची असल्यामुळे आज पहाटे लवकर निघून सिंहगडचा घाट साध्या सायकलने केला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला याच घाटाची नोंद घेऊन ठेवली होती. आज त्याच वेगाला नाडीचे ठोके सरासरी सहा-सातने जास्त होते आणि वरच्या टप्प्यातल्या तीव्र वळणांवर गिअर एक पायरी आधी उतरवावा लागला. ऊन, झोप, आदल्या दिवशीचे जेवण अशी शंभर कारणे एका दिवसाच्या आकड्यामागे असू शकतात. पण मार्चमधल्या इतर रविवारीही कल हाच होता.

याचा अर्थ लावताना आठवड्याच्या मिनिटांकडे पाहिले तर फसगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम करावा. मध्यम व्यायामाच्या निकषावर मी अजूनही आरामात उत्तीर्ण आहे. माझ्या हातून गेली आहेत ती चांदणी चौकाच्या चढावरची रोजची ती थोडीशी मिनिटे, जिथे बोलणे तुटत असे. ती मिनिटे मी कधी व्यायाम म्हणून मोजलीच नव्हती, कारण ती कामावर जाण्याच्या रस्त्यात आयती मिळत होती. रविवारची एक मोठी फेरी त्यांची भरपाई करत नाही.

घाटमाथ्यावर भेटलेल्या एका ओळखीच्या सायकलस्वाराने ई-सायकल म्हणजे ‘चीटिंग’ असे हसत म्हटले. शर्यतीत ती असेलच. कामावर जाताना मी कोणाशी स्पर्धा करतो, ते मात्र त्यालाही सांगता आले नाही.

२० एप्रिल २०२५

ऊन असह्य झाले आहे. दुपारी परतताना साध्या सायकलने चांदणी चौक चढणे माझ्या वयाला शहाणपणाचे नाही, आणि या महिन्यात ई-सायकलचे पारडे निर्विवाद जड आहे. घाम कमी येतो म्हणून वहिनी साडीतही जाऊ शकतात. मागच्या चाकाला जाळी बसवून घेतली आहे. त्यांना स्वतःला जाणवलेला फरक त्यांनी वहीत लिहिला आहे: कार्यालयाचे जिने आता न थांबता चढता येतात. यापेक्षा वेगळी मोजणी त्यांना नको आहे आणि मीही आग्रह धरलेला नाही.

एक प्रयोग करून पाहिला. बॅटरी बंद ठेवून ई-सायकल सपाटीवर चालवली. आठ किलो जास्त असूनही ताशी २२ च्या वेगाला हिशेबाने फक्त पाच-सहा वॅटचा फरक पडायला हवा, आणि प्रत्यक्षातही फार जड वाटले नाही, कारण या हबमध्ये आत फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणारी चकती, असल्यामुळे बंद मोटार ओढावी लागत नाही. चढावर मात्र ते आठ किलो नीट जाणवतात. त्यामुळे सपाटीवर बंद आणि चढावर पहिली पातळी, अशी एक मधली वाट निघते, आणि ती साध्या सायकलच्या बरीच जवळ जाते.

१ जून २०२५

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागल्यामुळे वही ठरल्यापेक्षा थोडी आधी बंद केली आहे. तिघांनी बसून पुढची वाटणी ठरवली.

वहिनींकडे ई-सायकल सोमवार ते शुक्रवार राहील. पाऊस जोराचा असेल त्या दिवशी त्या मेट्रोने जातील, कारण स्कूटरवर परत जाण्यापेक्षा स्थानकापर्यंतचे चालणे बरे, हे त्यांनीच मांडले. थ्रॉटलचा कनेक्टर जोडून देऊ का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी ‘राहू दे तसाच’ म्हटले. माझ्या वाट्याला ती फक्त एप्रिल-मेच्या दुपारी आणि आजारपणातून उठल्यावर येईल. एरवी मी माझ्या १४ किलोच्या सायकलने चांदणी चौक चढेन. काकांचे उत्तर अपेक्षेच्या पलीकडचे होते. त्यांनी गेल्या पंधरवड्यात पार्किंगच्या कोपऱ्यातली आपली जुनी सायकल पुसून काढून आवारात फिरवून पाहिली आणि गुडघे सपाटीवर तक्रार करत नाहीत असे त्यांच्या लक्षात आले आहे. पायांत बळ आले की धीर आला, की दोन्ही, हे सांगणे कठीण आहे. ई-सायकल त्यांना फक्त पाषाणच्या दिशेला हवी आहे. डेक्कनला ते जुन्या सायकलनेच जाणार आहेत. तिचे टायर सुकून भेगाळले आहेत, चेन गंजलेली आहे आणि मागचा ब्रेक रिमला लागतच नाही, तेव्हा उद्या ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे न्यायची आहे. पुढे दातांची लहान चकती बसवता आली तर पाहायला सांगायचे आहे, म्हणजे पौड फाट्याचा पूल चढतानाही त्यांना उतरावे लागणार नाही.